नांदेडला डब्यांना जोडण्याआधी इंजिन मध्येच का थांबतं?

हा थांबा मुद्दाम असतो. इंजिन डब्यांपासून साधारण 20 मीटरवर थांबवायचंच, असा नियम आहे. तेवढ्यात पॉइंट्समन (गाड्या जोडण्या-सोडण्याचं काम करणारा रेल्वे कर्मचारी) दोन्ही कपलर, म्हणजे इंजिन आणि डबा एकमेकांत अडकवणारे जोड, बघतो आणि पुढे यायचा इशारा देतो. रात्री हिरवा दिवा डोक्यावर धरून मनगटाने फिरवतो. मग इंजिन माणसाच्या चालीने येतं. जोरात आदळलं तर आत उभे असलेले प्रवासी पडतात.

एलएचबी (नव्या पद्धतीच्या) डब्यांचा कपलर धक्क्याने आपोआप लागतो, पण लॉक पूर्ण बसलं का हे बघावंच लागतं. म्हणून इंजिन किंचित ओढून खात्री करतात. जुन्या निळ्या डब्यांना स्क्रू कपलिंग हाताने आवळावं लागतं.

होज पाइप (ब्रेकची हवा नेणारे रबरी पाइप) लावायला मात्र दोन्ही प्रकारच्या डब्यांत इंजिन आणि डब्याच्या मध्ये शिरावंच लागतं, आणि इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय कुणी शिरू नये. ब्रेक पाइपात दर चौरस सेंटीमीटरला 5 किलो, फीड पाइपात 6 किलो हवेचा दाब. पाइप जोडून अँगल कॉक (पाइपाच्या टोकाशी असलेली हवेची तोटी) उघडायचा राहिला तर मागच्या डब्यांचे ब्रेक इंजिनातून लागतच नाहीत, म्हणून शेवटच्या डब्यापर्यंत दाब पोचला का ते तपासतात. सोडताना उलटं: आधी दोन्ही कॉक बंद, मगच पाइप. नाहीतर दाबाखालचा पाइप उसळून तोंडावर बसतो.