लेक्सिंग्टनला तीन दिवस जायचंय, पण शर्यतीत रस नाही. जावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑक्टोबरमध्ये आईवडील भारतातून येतायत, केंटकीतल्या लेक्सिंग्टनला तीन दिवस काढता येतील, पण पैजा लावायची कुणालाच आवड नाही, मग घोड्यांच्या गावात जाऊन करायचं काय?

नक्की जा. मी सिनसिनाटीत बारा वर्षं राहतोय, तिथून लेक्सिंग्टन गाडीने साधारण दीड तास. चार-पाच वेळा गेलो असेन, त्यातली सगळ्यात चांगली फेरी वडिलांबरोबरची. माझ्या आजोबांचा मिरजेत टांगा होता. वडील लहानपणी शाळेत जायच्या आधी घोड्याला खरारा करायचे आणि चंदी घालायचे. शर्यत त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बरेच जण इथे गफलत करतात. केंटकी डर्बी ही अमेरिकेतली गाजलेली घोड्यांची शर्यत लेक्सिंग्टनला होत नाही, ती लुईव्हिलला, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी. लेक्सिंग्टनला घोडे जन्मतात, वाढतात, विकले जातात आणि म्हातारे होतात. इथल्या जमिनीखाली चुनखडीचा खडक आहे. त्यामुळे पाण्यात आणि गवतात कॅल्शियम उतरतं, आणि इथल्या शिंगरांची हाडं त्यामुळेच मजबूत होतात असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. बर्बन व्हिस्कीवालेही याच पाण्याचं कौतुक करतात, कारण त्यात लोह जवळजवळ नसतं.

पहिली सकाळ कीनलंड रेसकोर्सला द्या. विमानतळाच्या अगदी समोर आहे, १९३६ पासूनचं, दगडी बांधकाम आणि मोठमोठी झाडं. शर्यती फक्त एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये असतात आणि त्यांना तिकीट लागतं. सकाळचा सराव मात्र फुकट बघता येतो. उजाडताना पोचा आणि स्वेटर विसरू नका. रेलिंगला टेकून उभं राहिलं की आधी धुक्यातून टापांचा आवाज येतो, मग श्वासाचा, एका लयीतला, भात्यासारखा, आणि मग घोडा दिसतो.

धाव संपवून एक तांबडा घोडा आमच्या समोरून परत चालला होता. थंडीत त्याच्या पाठीवरून वाफ निघत होती. वडील म्हणाले, "आता याला हळूहळू फिरवतील बघ. तापलेला घोडा एका जागी उभा करायचा नसतो, आणि पाणी घोटघोट दाखवायचं." थोड्या वेळाने तबेल्यांच्या बाजूला बघितलं तर खरंच एक माणूस त्याला गोल गोल फिरवत होता. इथले बरेचसे मोतद्दार मेक्सिको, ग्वाटेमालाकडचे असतात. वडिलांना इंग्रजी येत नाही, स्पॅनिश तर नाहीच. त्यांनी लांबूनच हाताने खरारा करायची खूण केली. तो माणूस मनापासून हसला आणि त्यानेही तशीच खूण केली. तीन दिवसांत मला सगळ्यात जास्त काय आवडलं असं विचाराल तर हेच.

म्हणून माझं सांगणं आहे की लेक्सिंग्टनला घोडे बघा आणि त्यांच्याबरोबर घोडे सांभाळणारी माणसंही शोधा. या गावाचा खरा इतिहास त्यांच्यात आहे. १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बीत १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. त्या काळात घोडा सांभाळणं, शिकवणं, पळवणं हे सगळं मुख्यतः याच लोकांच्या हातात होतं, आणि त्यातले कितीतरी जण जन्मले तेव्हा गुलाम होते. आयझॅक मर्फी त्यांच्यातला सर्वांत मोठा. १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन डर्बी त्याने जिंकल्या. तीनदा जिंकणारा तो पहिलाच. १८९६ मध्ये वयाच्या पस्तिशीतच तो लेक्सिंग्टनमध्ये गेला. पुढच्या काही वर्षांत वर्णभेदाने कृष्णवर्णीय जॉकींना शर्यतीतून पार हुसकून लावलं. १९०२ नंतर आजवर त्यांच्यातल्या एकालाही डर्बी जिंकता आलेली नाही. मर्फीची कबरसुद्धा लोक विसरले होते, ती १९६० च्या दशकात पुन्हा सापडली. आधी तो ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवरच्या आफ्रिकन सेमेटरी नंबर टू मध्ये होता. ही दफनभूमी अजून आहे, शांत आहे, जाऊन या. आता त्याची समाधी केंटकी हॉर्स पार्कमध्ये आहे.

हॉर्स पार्कला दुसरा दिवस पूर्ण ठेवा. सुमारे १,२०० एकरांचं आवार आहे, तेव्हा आईवडिलांना सावकाश फिरवा. तिथलं घोड्यांचं संग्रहालय मोठं आणि खरोखर चांगलं आहे. मॅन ओ' वॉरचा भव्य पुतळा आहे, त्याखाली तो पुरलेला आहे. २१ शर्यतींपैकी २० जिंकलेला घोडा. त्याचा मोतद्दार विल हारबट, तोही कृष्णवर्णीय, येणाऱ्या पाहुण्यांना वर्षानुवर्षं त्याच्या गोष्टी रंगवून सांगायचा. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये हारबट वारला आणि १ नोव्हेंबरला घोडा. हारबटच्या मृत्युलेखात मागे राहिलेल्यांमध्ये बायकोमुलांबरोबर मॅन ओ' वॉरचंही नाव होतं. हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुतळ्यापाशी सगळे फोटो काढतात. तुम्ही तिथून जवळच असलेल्या मर्फीच्या समाधीपाशीही थांबा.

तिसऱ्या दिवशी गावात फिरा. जुन्या कोर्टाची दगडी इमारत छान दुरुस्त केली आहे, पर्यटन केंद्र तिथेच आहे, नकाशे घ्या. तिच्या शेजारचा चौक म्हणजे चीपसाइड. यादवी युद्धाआधी इथे माणसांचा लिलाव व्हायचा, दक्षिणेतल्या मोठ्या गुलाम बाजारांपैकी हा एक. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दोघांचे पुतळे २०१७ मध्ये इथून हलवले आणि २०२० मध्ये चौकाला हेन्री टँडी या कृष्णवर्णीय बांधकाम व्यावसायिकाचं नाव दिलं. शनिवारी तिथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो. जवळच लिंकनच्या पत्नीचं, मेरी टॉडचं माहेरचं घर आहे, तासाभरात बघून होतं. हेन्री क्ले या जुन्या अमेरिकी राजकारण्याचं घर, ॲशलँड, मला तितकंसं भावलं नाही, पण बाग सुंदर आहे.

स्टड फार्म, म्हणजे घोड्यांची पैदास करणारं शेत, बघायचं असेल तर ती खासगी, चालती शेतं आहेत, असंच फाटकातून आत जाता येत नाही, आधी बुकिंग लागतं. केंटकीतल्याच पॅरिस गावाजवळच्या क्लेबोर्न फार्मवर सेक्रेटेरियट हा शर्यतीचा गाजलेला घोडा पुरलाय. एरवी इथे घोड्याचं फक्त डोकं, हृदय आणि खूर पुरायची रीत आहे, त्याला मात्र अख्खा पुरला. ऑक्टोबरमध्ये नुकती जन्मलेली शिंगरं दिसणार नाहीत, त्यांना बघायचं तर वसंतात जावं लागेल. पण वसंतातली शिंगरं तोवर दांडगी झालेली असतात, कुंपणापाशी येऊन हात हुंगतात. गाडी भाड्याने घ्याच, तिच्याशिवाय इथे काही जमत नाही. आणि फार्मचं बुकिंग आजच करून टाका, ऑक्टोबरातल्या सकाळच्या वेळा फार लवकर भरतात.