व्यावहारिक ईश्वरविज्ञान आणि समाजकार्य यांत फरक काय?

तुम्ही विचारले आहे की, ख्रिस्ती सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकवली जाणारी ‘प्रॅक्टिकल थिऑलॉजी’ (व्यावहारिक ईश्वरविज्ञान) म्हणजे धर्माचे नाव लावलेले समाजकार्यच नव्हे का, आणि शेतकरी आत्महत्या किंवा जात यांसारख्या प्रश्नांवर ईश्वरविज्ञानाला वेगळे असे काय सांगता येते. मी या शाखेचे रीतसर शिक्षण घेतले आहे आणि नागपुरात राहतो, त्यामुळे उदाहरणेही शक्यतो याच भागातली घेतो.

समाजकार्य परिस्थिती बदलू पाहते. व्यावहारिक ईश्वरविज्ञान तेही करू पाहते, परंतु त्याच वेळी स्वतःच्या घरातली शिकवण, प्रार्थना आणि विधी तपासायला काढते. मंडळीने, म्हणजे एखाद्या चर्चच्या स्थानिक सभासदांनी, गरजू कुटुंबांना धान्य वाटले, तर ते सेवाकार्य झाले. त्या घरांत जे दिसले त्यामुळे पुढच्या रविवारचा उपदेश बदलावा लागला, पाप म्हणजे काय हे नव्याने सांगावे लागले, तर तिथे ही शाखा सुरू होते. श्लायरमाखर या जर्मन विचारवंताने १८११ मध्ये तिला ईश्वरविज्ञानाचा मुकुट म्हटले खरे, पण पुढे दीर्घकाळ तिचा अर्थ पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) उपदेश आणि समुपदेशन शिकवण्याचा वर्ग एवढाच उरला. आज अनेक ठिकाणी अमेरिकी अभ्यासक रिचर्ड ऑस्मर यांनी २००८ मध्ये मांडलेले चार प्रश्न वापरले जातात: काय घडते आहे, ते का घडते आहे, काय घडायला हवे, आणि आपण काय करायचे. प्रश्न साधे आहेत, पण विद्यार्थी पहिले दोन घाईने उरकून थेट तिसऱ्यावर, म्हणजे उपदेशावर, उडी मारतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

यवतमाळकडच्या एका गावात कर्जबाजारी झालेल्या एका कापूस उत्पादकाने विष घेतले. त्याच्या दफनविधीला मी होतो. पाळकांनी बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातले, म्हणजे संकटे कोसळलेल्या एका नीतिमान माणसाच्या कथेतले, नेहमीचे वचन वाचले: ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले.’ माझ्या शेजारी उभे असलेले मयताचे काका हळूच म्हणाले, ‘देवानं नाही नेलं जी, कर्जानं नेलं.’ समाजकार्याचा विद्यार्थी इथे कर्जाची चौकशी करील, आणि ती केलीच पाहिजे: बँकेचे किती, सावकाराचे किती, सिंचन आहे का, कापूस कोणत्या भावाने गेला, जमीन कोणाच्या नावावर आहे. आमच्या शाखेला मात्र काकांचे ते वाक्य हीदेखील नोंद वाटते, कारण त्यात वाचल्या गेलेल्या वचनावर थेट आक्षेप आहे. ते वचन अशा प्रसंगी वाचले, तर भाव पडण्यामागची धोरणे आणि सावकाराचे व्याज या दोहोंची जबाबदारी नकळत देवावर ढकलली जाते.

म्हणून शास्त्रभाग पुन्हा उघडावा लागतो. ते वचन ईयोबाच्या पहिल्या अध्यायातले आहे. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि बेचाळिसाव्या अध्यायात त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधणाऱ्या मित्रांवर देव रागावतो व ईयोबच योग्य बोलला असे म्हणतो. दफनविधीत आपण पहिल्या अध्यायावरच थांबतो, ही सवय आहे, सिद्धांत नव्हे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील ८८ व्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो, त्यात दिलासा देणारी ओळ नाही, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच पवित्र शास्त्रात टिकले आहे. अशा घरी ते वाचता येते. त्या पाळकांशी मी नंतर याविषयी बोललो तेव्हा ते म्हणाले की, लोकांना धीर द्यायचा सोडून हे कसे वाचू? त्यांची अडचण खोटी नाही, पण काकांना धीर त्या पहिल्या वचनानेही मिळाला नव्हता.

याच प्रसंगातून सिद्धांताचा प्रश्नही निघतो. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत (कॅनन लॉ), जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. १९८३ च्या संहितेत तो निर्बंध राहिला नाही. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘पापाच्या रचना’ ही संकल्पना मांडली, म्हणजे एकट्या माणसाच्या कृतीइतकेच व्यवस्थेतल्या अन्यायालाही पापाच्या भाषेत बोलता येऊ लागले. इकडे शासकीय फायलीत आत्महत्या ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ ठरते, आणि एक लाखाची मदत त्यावर अवलंबून असते. मृत्यूची अशी विभागणी चर्चनेही शतकानुशतके केली, हे लक्षात घेतल्याशिवाय कार्यालयावर टीका करण्याचा अधिकार आम्हाला नाही, असे माझे मत आहे.

जातीच्या प्रश्नावर हीच पद्धत दलित ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मळ यांनी वापरली. भारतीय ख्रिस्ती समाजात मोठा वाटा दलितांचा असूनही भारतीय ईश्वरविज्ञान उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या तत्त्वचिंतनात गुंतले, हा त्यांचा आक्षेप होता. बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात १९८१ मध्ये त्यांनी केलेल्या भाषणापासून दलित ईश्वरविज्ञानाचा आरंभ मानतात. पुढे त्यांनी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातली, आपला पूर्वज भटका होता ही इस्राएली लोकांची कबुली दलितांच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचली. नागपूरकराला यात फार नवल वाटू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत ब्राह्मणाकडून विधी करवून न घेण्याची प्रतिज्ञा होती आणि दारू न पिण्याचीही, म्हणजे सामाजिक बदल विधीपर्यंत आणि घरातल्या वागणुकीपर्यंत नेल्याशिवाय पुरा होत नाही, हे तिथे स्पष्ट होते. तो बौद्ध मार्ग आहे, त्याला ख्रिस्ती लेबल लावू नये, पण शेजारी ठेवून अभ्यासावा.

तुमचा प्रबंध याच विषयावर असेल, तर सेमिनरी हिल्सवर सेंट चार्ल्स सेमिनरी आहे आणि नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचे मुख्यालयही नागपुरातच आहे. दोन्हीकडे रीतसर पत्र देऊन विचारणा करा. क्षेत्रकार्यासाठी मोठा विषय न घेता एखाद्या मंडळीतला एकच विधी निवडा आणि त्यात कोण बोलते, कोण गप्प राहते, कोणते वचन निवडले जाते, हे काही महिने नोंदवा. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांशी बोलायचे झाल्यास पाळकांमार्फत न जाता मंडळीतल्या महिला मंडळामार्फत जा, कारण पाळकांनी गाठ घालून दिली तर त्यांच्याच उपदेशाबद्दल त्या बायका मोकळेपणाने बोलणार नाहीत.