कुकडीच्या कातळात एक अख्खा दिवस

प्रश्न : निघोजचे रांजणखळगे पाहायला एका रविवारी जावे, असे आमच्या घरात ठरत आहे. बरोबर 70 वर्षांच्या सासूबाई आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुले असतील. कोणी म्हणते, तासाभरात सगळे पाहून होते. कोणी म्हणते, जागा धोक्याची आहे, मुलांना नेऊच नका. तिथे पूर्ण दिवस घालवण्याजोगे काही आहे का, आणि मुलांना पाण्यात उतरू द्यावे का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : आपण जरूर जा, मुलांनाही न्या, आणि तासाभराचा नव्हे तर अख्ख्या दिवसाचा बेत आखा. पाण्यात मात्र कोणीही उतरू नये. या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे आणि ते तिथल्या कातळात आहे, म्हणून आधी त्याविषयी सांगतो.

नाणेघाटाच्या परिसरात, कुकडेश्वराच्या बाजूला उगम पावणारी कुकडी पुढे बराच काळ इतर कोणत्याही देशावरच्या नदीसारखी पसरट पात्रातून वाहते. पारनेर तालुक्यातील निघोज आणि पलीकडच्या तीरावरील शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी यांच्यामध्ये आल्यावर मात्र काळ्या कातळात कोरलेल्या अरुंद, खोल घळीत ती अचानक शिरते. हा कातळ म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसॉल्ट आहे. पुराच्या वेगवान पाण्यात जिथे भोवरा धरतो, तिथे पाण्याबरोबर आलेले दगडगोटे आणि वाळू एखाद्या बारीकशा खोलगट जागेत अडकतात, तिथल्या तिथे गरगर फिरत राहतात आणि जात्यासारखे खालचा खडक घासत जातात. हे हजारो वर्षे चालू राहिले म्हणजे मूळचा खोलगा रांजणाएवढा आणि त्याहूनही मोठा होतो. शेजारच्या दोन रांजणांमधली भिंत झिजून पातळ होते, तिला भोक पडते, शेवटी ती कोसळते आणि दोन्ही मिळून एकच मोठा खळगा तयार होतो. नदीची घळ खोल होत जाण्यात या खळग्यांचा असा मोठा वाटा असतो.

मुलांना हे शब्दांत समजावण्याची गरज पडणार नाही. पात्राच्या कडेला, पाण्यापासून दूर, कोरडा पडलेला एखादा लहान खळगा शोधा आणि त्यांना त्यात हात घालायला सांगा. वरचा कातळ हाताला खरखरीत लागतो, पण आतली बाजू घरातल्या जुन्या रांजणासारखी गुळगुळीत असते, आणि बोटे आतल्या वळणाने फिरवली की पाणी कसे फिरले असेल हे हातालाच कळते. तळाशी बहुधा मूठभर वाळू आणि दोन-चार गोटे सापडतात, ज्यांचे सगळे कोपरे झिजून गेलेले असतात. खड्डा ज्यांनी केला ती हीच हत्यारे. मुलांनी ती पाहून झाल्यावर पुन्हा तिथेच ठेवावीत, कारण पुढच्या पुरात त्यांचे काम अजून बाकी आहे. अशा एकाच खळग्यापाशी मी अर्धी सकाळ काढली आहे, आणि तरीही उठवत नव्हते.

आता पाण्याविषयी. जो गुळगुळीतपणा हाताला इतका सुखावतो, तोच पाण्यात पडलेल्या माणसाचा घात करतो. खळग्याच्या भिंती उभ्या असतात, काही आतल्या बाजूला पोकळ असतात, त्यांवर शेवाळ असते; धरायला कंगोरा नाही आणि पाय टेकायला पायरी नाही. त्यामुळे उत्तम पोहणाऱ्यालाही बाहेर पडणे अवघड जाते. वरून संथ हिरवे दिसणारे पाणी किती खोल आहे, याचाही काठावरून अंदाज येत नाही. नदीवर वरच्या अंगाला धरणे असल्याने आकाश निरभ्र असतानाही सोडलेल्या पाण्याने पातळी वाढू शकते. म्हणून घळीच्या ओठावर बसून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळा, ओल्या कातळावर पाय ठेवू नका, आणि मुलांपैकी प्रत्येकाची जबाबदारी एकेका मोठ्या माणसाकडे नाव घेऊन सोपवा. "सगळ्यांचे लक्ष आहे" असे म्हटले की कोणाचेच नसते.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, कारण पाणी उतरल्याने कातळ उघडा पडतो आणि ऊन सोसते. पावसाळ्यात घळ भरून वाहते तेव्हा खळगे दिसत नाहीत आणि धोका सर्वाधिक असतो. पुण्याहून नगर रस्त्याने शिरूर, आणि तिथून निघोज 20 ते 25 किलोमीटर. पहाटे निघून आठ-साडेआठपर्यंत पोहोचा; तिरप्या उन्हात खळग्यांच्या आतल्या वळ्या सावल्यांनी उठून दिसतात, ज्या भर दुपारी हरवतात. दुपारी काळा कातळ चांगलाच तापतो, त्या वेळी वर येऊन सावलीत भाकरीचे गाठोडे सोडावे.

सासूबाईंना कातळावर उतरवण्याचा आग्रह धरू नका. घळीपाशीच मळगंगा देवीचे मंदिर आहे. दर्शन घेऊन तिथे त्यांना निवांत बसता येईल, आणि घळ त्यांना वरूनही पाहता येईल. चैत्रात देवीची यात्रा भरते, तेव्हा गर्दी फार असते. यात्रेसाठीच जायचे असेल तर गोष्ट निराळी. बरोबर टोप्या, भरपूर पिण्याचे पाणी, पकड असलेले बूट आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी घ्या. खळग्यात टाकलेली प्लॅस्टिकची बाटली वाऱ्याने उडून जात नाही. पुढचा पूर येईपर्यंत ती गोट्यांशेजारी तशीच पडून राहते.

चारच्या सुमारास ऊन पुन्हा कलले की मुलांना सकाळचाच खळगा पाहायला न्या. सावली आता दुसऱ्या बाजूला गेलेली असेल आणि सकाळी न दिसलेल्या वळ्या दिसू लागतील. त्यानंतर परतीला लागलात तरी अंधार पडेपर्यंत नगर रस्त्याला लागलेले असाल.