‘उद्या माझ्या लेकीपुढं तेच लोक उभे राहिले तर?’

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं पत्र आहे. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, मराठी विषय. घरच्यांच्या मनात बी.एड. होतं. पण दिवाळीनंतर गावच्या वाचनालयात चार-पाच जण आले, एका पुस्तकाचं नाव घेऊन म्हणाले, हे इथं दिसता कामा नये. ग्रंथपालबाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि कोरा कागद पुढं केला. ‘काय हरकत आहे ते लिहा, खाली सही करा, मी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढं ठेवते.’ कुणी लिहिलं नाही. पुस्तक आजही जागेवर आहे. मुलगी त्या वेळी तिथंच वाचत बसली होती. त्या रात्री ती घरी येऊन म्हणाली, मला ग्रंथपाल व्हायचंय. वडील विचारतात, यात पोट भरेल का, आणि उद्या तेच लोक तिच्यापुढं उभे राहिले तर ती एकटी पडेल का?

नमस्कार.

पोटाचं आधी सांगते. गावचं वाचनालय 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली सरकारी अनुदानावर चालतं. अ, ब, क, ड असे वर्ग असतात. खालच्या वर्गातल्या वाचनालयाच्या अनुदानात ग्रंथपालाचा संसार चालत नाही. त्या बाईंच्या हातात महिन्याला काय पडतं, ते गावात सगळ्यांना ठाऊक असेल. याची मला लाज वाटते, पण तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणून मुलीने बी.लिब.वर, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीवर, थांबू नये. पुढं एम.लिब. ही पदव्युत्तर पदवी करावी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी, कारण कॉलेजच्या ग्रंथपालाची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाच्या तोडीची असते. भरती रखडते, दोन-तीन वर्षं धीर धरावा लागेल. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे. घरून शिकायचं असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्यासाठीच हे पत्र इथं घेतलं.

तुम्ही लिहिलंय, ‘बाई धीट आहेत, आमची पोरगी तशी नाही.’ मला वाटतं, तुम्ही धीटपणा पाहिलात आणि कागद तुमच्या नजरेतून सुटला. त्या बाईंनी वाद घातला नाही, भाषण केलं नाही, पुस्तकाची बाजूसुद्धा घेतली नाही. त्यांनी फक्त रीत पाळली. हरकत लेखी हवी, ती मंडळाच्या बैठकीत यावी, सभासदांनी पुस्तक पूर्ण वाचावं, ठराव इतिवृत्तात लिहिला जावा आणि तोवर पुस्तक देवघेवीत राहावं. एवढी रीत भिंतीवर लावलेली असली की समोरच्याला बाईंशी नव्हे, संस्थेशी बोलावं लागतं. हे शिकता येतं. लाजऱ्या मुलीलाही येतं.

ज्या वाचनालयांत ही रीत नसते, तिथं काय होतं ते मी भोगलंय. कॉलेजात असताना एक पुस्तक मागितलं, तर ‘हरवलंय’ असं उत्तर मिळालं. दोन वर्षांनी तेच पुस्तक ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात दिसलं. कुणी धमकी दिली नव्हती. कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून त्यांनी आधीच ते उचलून ठेवलं होतं. अशा बंदीला आदेश नसतो, तारीख नसते, म्हणून तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. कधी तर चांगलं पुस्तक फाटक्या पुस्तकांबरोबर निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या, यादीत ढकलतात आणि दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते त्या वहीत, लाल रेघ मारतात. तुमच्या मुलीने या गोष्टींची ओळख शिकतानाच करून घ्यावी.

खरी सरकारी बंदी वेगळी. ती राज्य सरकार अधिसूचना काढून, कारणं देऊन जाहीर करतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 95 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 98 आहे. त्या आदेशाविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं आणि तीन न्यायमूर्तींचं पीठ ते ऐकतं. असा आदेश असेल तर ग्रंथपालाने तो पाळायचा. पण व्हॉट्सॲपवर फिरलेला निरोप किंवा चौकातल्या चार जणांची इच्छा म्हणजे आदेश नव्हे. हा फरक शांतपणे सांगता येणं, हे या नोकरीतलं मोठं कसब आहे. आपल्या सांगलीत जन्मलेल्या कृ. प्र. खाडिलकरांच्या 1907 च्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारने 1910 मध्ये बंदी घातली होती. आज तेच नाटक त्यांच्या नावाबरोबर अभिमानाने सांगितलं जातं. मुलगी मराठीची आहे, तिला हे माहीत असेलच.

ती मोबाइलवर अमेरिकेतल्या ग्रंथपालांचं बघत असते, असं तुम्ही काळजीने लिहिलंय. बघू दे. तिथल्या ग्रंथालय संघटनेने वाचकांच्या हक्कांची सनद 1939 मध्येच स्वीकारली. इलिनॉय राज्याने 2023 मध्ये कायदा केला, की पुस्तकं दबावाखाली काढणार नाही असं धोरण लेखी स्वीकारलं तरच ग्रंथालयाला राज्याचं अनुदान. अनुदानावर जगणाऱ्या आपल्या वाचनालयांच्या संदर्भात ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पण दुसरी बाजूही तिने बघावी. वायोमिंग राज्यातल्या एका काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, ग्रंथालय संचालिकेने मुलांच्या विभागातली पुस्तकं हटवायला नकार दिला, तिला 2023 मध्ये कामावरून काढलं. तिने दावा लावला. 2025 मध्ये काउंटीने 7 लाख डॉलर देऊन तडजोड केली. मधली दोन वर्षं त्या बाईंची कशी गेली असतील, ते पैशात मोजता येत नाही.

म्हणजे तुमची भीती खोटी नाही. ‘काही होत नाही हो’ असं मी म्हणणार नाही. पण एकटं पडायचं की नाही, हे बरंचसं आधीच्या तयारीवर ठरतं. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षीच पुस्तकनिवडीचं लेखी धोरण मंजूर करून घ्यायचं, जिल्हा ग्रंथालय संघाशी संबंध ठेवायचा, आणि वाचक इतके जोडायचे की गरज पडली तर दहा आया आपल्या पोरांना घेऊन वाचनालयात येऊन बसतील. शेवटची गोष्ट कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. ती त्या बाईंकडूनच शिकावी.

म्हणून परीक्षा संपली की तिला महिनाभर त्यांच्या हाताखाली बसू द्या. दाखल नोंदवही लिहू दे, पुस्तकांना क्रमांक घालू दे, संध्याकाळची देवघेव सांभाळू दे. धूळ, हिशेब आणि अनुदानाचे कागद बघूनही तिचं मन टिकलं, तर जूनमध्ये प्रवेशाचं बघू. एखाद्या रविवारी तिघं पाचगणीजवळच्या भिलारलाही जाऊन या. 2017 पासून तिथं घराघरात पुस्तकं मांडली आहेत. बागेची कामं उरकली की निघा, तिच्या आईलाही दाखवा.

आणि मला भेटायला याल तेव्हा त्या बाईंना विचारून त्यांच्या हरकतीच्या अर्जाचा एक कोरा नमुना घेऊन या. छापील नसेल, तर तुमच्या मुलीने त्यांच्याबरोबर बसून तो तयार करावा.