मुलीच्या शिक्षणासाठी खाते उघडताना

तुमची मुलगी आता दोन वर्षांची आहे, म्हणून तिच्या शिक्षणासाठी सुकन्या समृद्धी खाते (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) उघडण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो: या खात्याची मुदत मुलीच्या वयाच्या 21व्या वर्षी नव्हे, तर खाते उघडल्यापासून 21 वर्षांनी संपते. म्हणजे आज खाते उघडले, तर पूर्ण रक्कम ती 23 वर्षांची झाल्यावर, बहुधा पदवी हाती पडल्यानंतर मिळेल. त्याआधी, ती 18 वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, उच्च शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मात्र प्रवेशाचा किंवा शुल्काचा कागद दाखवावा लागतो आणि त्या कागदावरील प्रत्यक्ष शुल्कापेक्षा अधिक रक्कम मिळत नाही.

म्हणूनच सगळी भिस्त याच खात्यावर ठेवू नये, असे माझे मत आहे. सोबत पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) आत्ताच सुरू केल्यास त्याची 15 वर्षांची मुदत तिच्या बारावीच्या सुमारास पूर्ण होईल. तुमच्या आणि तिच्या नावावरील पीपीएफ मिळून वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा आहे. सुकन्याची दीड लाखाची मर्यादा वेगळी.

पैसे महिन्याच्या 5 तारखेपर्यंत भरावेत. पगार 7 तारखेला होत असल्याने मी पहिली तीन वर्षे 10 तारखेला भरत राहिलो आणि दर वेळी त्या रकमेवरचे त्या महिन्याचे व्याज हकनाक गमावले. नव्या करप्रणालीत भरलेल्या रकमेवर वजावट नाही, परंतु दोन्ही खात्यांचे व्याज तिथेही करमुक्तच राहते.