बॉक्सर लोमाचेन्को अमॅच्युअरमध्ये (हौशी बॉक्सिंगमध्ये) एवढा भारी होता तर प्रोमध्ये (व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये) दुसरीच फाइट कसा हरला?

कारण त्याने घाईच तशी केली होती. युक्रेनचा वासिल लोमाचेन्को, अमॅच्युअर रेकॉर्ड 396 विजय आणि 1 पराभव, तो एक पण 2007 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनलला सेलिमोवकडून, आणि त्याची परतफेड नंतर दोनदा केली. 2008 आणि 2012 दोन्ही ऑलिंपिकला गोल्ड. मग 2013 मध्ये प्रो झाला आणि दुसऱ्याच फाइटला थेट वर्ल्ड टायटलसाठी चॅम्पियन ओर्लांडो सालिडोसमोर उभा राहिला. सालिडो वजनात बसलाच नाही, त्यामुळे त्याचा बेल्ट, म्हणजे टायटल, वजनकाट्यावरच गेला, पण फाइट झाली आणि त्याने पट्ट्याखाली ठोसे मारून मारून याला हैराण केलं, रेफरी बघत बसला. निकाल स्प्लिट डिसिजन, म्हणजे तीनपैकी दोन जजनी सालिडोला जिंकवलं. तरी मी म्हणेन लोमाने सुरुवातीचे राउंड फुकट घालवले, 12 राउंडची सवयच नव्हती ना.

पण तिसऱ्याच फाइटला गॅरी रसेलला हरवून चॅम्पियन! त्याचे पाय बघा फक्त. वडिलांनी, म्हणजे कोच अनातोली यांनीच, लहानपणी त्याला बॉक्सिंग थांबवून युक्रेनियन लोकनृत्य शिकायला लावलं होतं, म्हणून तो समोरच्याच्या बाजूने असा सटकतो की तो माणूस हवेत ठोसा मारत राहतो. 2018 ला लिनारेसने सहाव्या राउंडला पाडलं, हा उठला आणि दहाव्यात लिव्हरवर एक ठोसा, खेळ खल्लास. पुढे लोपेझ आणि हेनीकडून हरला, 2025 मध्ये रिटायर झाला.