एस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे) 'कीन कटर' छापाचा जुना रंधा मिळतोय. ही कंपनी कुठली, आणि घ्यावा का?

घ्या, पण आधी हे समजून घ्या की कीन कटर नावाचा कारखाना कधी नव्हताच. अमेरिकेत सेंट लुईसला सिमन्स हार्डवेअर म्हणून प्रचंड मोठी ठोक पेढी होती, हा छाप त्यांचा. पुण्यात बोहरी आळीतल्या ठोक व्यापाऱ्याने कारखान्यातून माल बनवून घेऊन त्यावर स्वतःचं नाव टाकावं तसंच. त्या काळी पेढीचा सेल्समन जाडजूड कॅटलॉग घेऊन गावोगावच्या दुकानात जायचा आणि दुकानदार कुऱ्हाडीपासून कात्रीपर्यंत सगळं त्याच्याकडेच मागवायचा, त्यामुळे गिऱ्हाईकाला नाव माहीत असायचं ते पेढीचं, कारखाना कुठला ते कोण विचारतंय. शिकागोच्या हिबर्ड, स्पेन्सर, बार्टलेटचा छाप 'ओव्हीबी', म्हणजे अवर व्हेरी बेस्ट, लुईव्हिलच्या बेल्कनॅपचा 'ब्लू ग्रास', आणि सेंट लुईसच्याच शॅप्लेचा 'डायमंड एज'. अमेरिकेत आजची ट्रू व्हॅल्यूची हार्डवेअरची दुकानं बघता ना, ते नावसुद्धा मुळात हिबर्डचंच.

मला ह्या अवजारांचं वेड लागलं ते ह्याच्यासाठीच, नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचा, तो दुसरा शोधून काढायचा. तुमच्या रंध्यावरचा नंबर बघा. नुसता 'के' असेल (के ४, के ५ वगैरे) तर तो स्टॅन्ली ह्या अवजारं बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्या बेडरॉक नावाच्या डिझाइनवर बनवलेला, आणि 'केके' असेल तर बेली नावाच्या साध्या पद्धतीचा. खात्री करायची तर पातं काढा, फ्रॉगचे (पातं ज्यावर टेकतं त्या तिरक्या तुकड्याचे) स्क्रू सोडवा आणि खाली बघा, बेडरॉकमध्ये फ्रॉग एका रुंद सपाट उतारावर पूर्ण टेकलेला असतो, बेलीत टेकायला छोट्या छोट्या जागाच असतात. के मिळाला तर सोडू नका, गाठीच्या लाकडावरही पातं थरथरत नाही. केके असेल तर स्टॅन्लीच्या तसल्याच रंध्याला जेवढे दिले असते तेवढेच द्या, छापासाठी वर पैसे मोजणारे खूप आहेत, त्यांना मोजू द्या.

वय शिक्क्यावरूनच बऱ्यापैकी कळतं. १९४० मध्ये शॅप्लेने सिमन्सच विकत घेतली, त्यामुळे 'ई. सी. सिमन्स' असेल तर त्याआधीचा, शॅप्लेचं नाव असेल तर नंतरचा.

विकत घेताना रंध्याच्या तोंडाजवळ, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीजवळ, बीडाला तडा आहे का ते उजेडात धरून बघा, तडा असेल तर ठेवून द्या, मग छाप कुठलाही असो. पातं किती उरलंय आणि त्याच्या पाठीला गंजाचे खड्डे किती खोल गेलेत तेही बघा. मूठ तुटलेली असेल तर चालेल, ती चिकटवता येते नाहीतर नवीन करता येते.

आणि प्लीज, घरी आणल्या आणल्या वायर ब्रश लावलेला ग्राइंडर फिरवू नका!! करवतीच्या पात्यावर तर ह्या पेढ्यांचा छाप इतका उथळ कोरलेला असतो की एका घासण्यात जातो, आणि तो गेला की ओळखच गेली. गंज काढायला साधं व्हिनेगर घ्या, थोडा वेळ बुडवा, मधे मधे बघत राहा, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करून तेल लावा.

तर आधी नंबर बघा, के आहे का केके, त्यावर किती द्यायचे ते ठरेल.